तीस दिवस बिनमिठाचे

चकाचक मावशींच्या हाताखालून गेलेली काचेची बाटली उन्हात धरली, तर हातात बाटली आहे की नाही असा प्रश्न पडायचा. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्या आठवड्यात कळायची. दुसऱ्या आठवड्यात हेही कळायचं, की या बाईच्या धुण्याच्या खोलीत डागाळलेलं भांडं ठेवून गुपचूप सटकता येत नाही. मागून हाक यायची, आणि कशाचा डाग, कधीचा, तेव्हाच पाण्यात का नाही बुडवलं, अशी सरबत्ती सुरू व्हायची. मोठे सरसुद्धा त्यांच्या वाटेला जात नसत. एकतीस वर्षं या बाईंनी दुसऱ्यांची भांडी घासली, आणि अशा तोऱ्यात घासली, की जणू बाकी सगळ्यांना भांडी घाण करण्यासाठीच तिथे नेमलंय.

आणि एवढ्या नाकावर माशी न बसू देणाऱ्या बाईचा जीव जडला कुणावर, तर प्रयोगशाळेतल्या सगळ्यात मळकट पोरीवर. तिचे हात मनगटापर्यंत कायम काळे, म्हणून सगळे तिला शाई म्हणायचे. कपाळावर काळं, कोपरावर काळं, दाराच्या मुठीवर तर तिचे ठसे ठरलेलेच. मावशी तिला रोज झापायच्या आणि रोज अर्धा कप चहा काढून ठेवायच्या. बाहेर चारचौघांत ‘मॅडम’, आणि धुण्याच्या खोलीत ‘पोरी’, असा सरळ हिशेब होता.

तो काळा लेप कसला, हे शाईने त्यांना चहाच्या कपावरच समजावलं होतं. पाणी उन्हात ठेवलं, तर सगळं पाणी तापेपर्यंत ऊन संपतं, वाफ काही मिळत नाही. पण फक्त वरचा पापुद्र्याएवढा थर तापवला तर? म्हणून तिने कापसाची एक जाड चकती घेतली आणि तिच्यावर झाडांच्या सालींतल्या द्रव्यापासून बनवलेला काळा लेप चढवला. धातू नाही, कोळसा नाही, सगळा झाडपाल्याचाच माल. ही चकती खाऱ्या पाण्यावर तरंगते, खालून पाणी शोषते, वरून ऊन गिळते, आणि बघता बघता वाफ धरते. वर तिरकी काच. वाफ काचेला लागली की थेंब होतात, थेंब ओघळून बाटलीत उतरतात. खारं पाणी खाली, गोडं पाणी बाटलीत, वीज नको की इंजिन नको. मावशींनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, की पाणी गेलं, पण मग मीठ कुठे जातं?

शाई खूश झाली, कारण तोच तर सगळ्यात अवघड प्रश्न होता. मीठ चकतीवरच राहतं. चार दिवसांत चकती पांढरीफटक होते, आणि पांढऱ्या रंगाला ऊन लागत नाही, तो ते नुसतं उडवून लावतो. असल्या चकत्या बनवणारे सगळे इथेच अडले होते. पण शाईने छतावर चार पेट्या मांडल्या, रविवारसुद्धा न चुकवता तीस दिवस चालवल्या, आणि तिच्या चकत्या तिसाव्या दिवशीही काळ्याकुळकुळीत. संध्याकाळी पाच वाजता वर मिठाची साय दिसायची आणि सकाळी आठला गायब. रात्रभरात मीठ आपोआप खाली पाण्यात उतरतं, असं तिने लिहिलं. मोठ्या सरांनी तिची पाठ थोपटली आणि चाळीस पेट्या बनवून लांब किनाऱ्यावरच्या एका वस्तीला पाठवल्या. तिथल्या विहिरी खाऱ्या झाल्या होत्या, आणि छोट्या दवाखान्यात औषध कालवायलासुद्धा पाणी होडीतून येत होतं.

नवव्या दिवशी तिथल्या नर्सबाईंचा फोन आला. पहिले दोन दिवस भरपूर पाणी, तिसऱ्या दिवशी कमी, आता बाटल्या कोरड्या. चकत्यांवर मिठाचे पोपडे धरलेत, आणि सकाळी ते तसेच असतात.

मग जे व्हायचं ते झालं. मोठ्या सरांनी शाईला बोलावलं आणि दार लावून घेतलं, पण आवाज जिन्यापर्यंत येत होता. तीस दिवसांचे फोटो खरे आहेत का, की एकाच दिवसाचे तीस काढलेत, असं त्यांनी तिला तोंडावर विचारलं. शुक्रवारी कामाला पैसे देणारी समिती येणार, चकत्या स्वतः बघणार, आणि त्या पांढऱ्या दिसल्या तर काम बंद. आकडे फुगवल्याचा शेरा बसला असता तो वेगळाच, आणि तो शेरा घेऊन कुठल्याच प्रयोगशाळेने तिला उभं केलं नसतं. शाईने सोमवारी दुपारी छतावर पुन्हा चार पेट्या मांडल्या आणि धुण्याच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली. ती रडत नव्हती, पण रडली असती तर बरं, असा चेहरा होता.

तिने मावशींसमोर दोन फोटो धरले. संध्याकाळी पाच, पांढरी साय. सकाळी आठ, काळी चकती. “या दोन्हींच्या मध्ये काहीतरी होतं, मावशी. इथे होतं आणि तिथे होत नाही. काय होतं, तेच मला कळत नाही.”

मावशींचे हात पाण्यातच थांबले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आतापर्यंत ती सांगितली नाही, कारण मावशींना स्वतःलाच ती सांगण्याजोगी कधी वाटली नव्हती. रोज पाचला शाई पाणी मोजून, फोटो काढून खाली जायची. साडेपाचला मावशी वापरलेल्या बाटल्या गोळा करायला छतावर जायच्या. नमुन्यांना हात लावायचा नाही हा नियम त्यांना ठाऊक होता, आणि पहिल्या दिवशी त्यांनी तो पाळायचा प्रयत्नही केला होता. पण एवढी छान काळीभोर चकती, आणि तिच्यावर ते पांढरं खरकटं! ते तसंच ठेवून घरी जायचं? त्यांना ते जमलं नाही. त्यांनी काच उचलली, चकती काढली, परातीत खळखळून घेतली, मऊ ब्रश फिरवला आणि जागच्या जागी ठेवून दिली. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि मग ते रोजचंच झालं, पोरगी रविवारीही येते म्हणून मावशी रविवारीही यायच्या. भांडं स्वच्छ ठेवणं म्हणजे नमुन्याला हात लावणं, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आणि आपण खाली गेलो की चकतीला कोण शिवतं, असा प्रश्न शाईलाही कधी पडला नाही. धुतलेली वस्तू कुणीतरी धुतलेली असते, हे त्या इमारतीत सगळेच विसरले होते.

मावशींनी हात एप्रनला पुसले. बोलायला तोंड उघडलं, पण शाई उठून गेली होती.

त्या संध्याकाळी साडेपाचला मावशी छतावर गेल्या. चकत्यांवर पहिल्या दिवसाची साय धरली होती. न धुता खाली उतरायचं, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं. मग मनात आलं, शुक्रवारपर्यंत चारच तर दिवस आहेत. चार दिवस धुतल्या, तर समितीला काळ्या चकत्या दिसतील, पोरीवरचं बालंट जाईल, आणि आपण कुणाचं काय वाकडं केलं? त्यांनी परात घेतली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, कुणी बघत नाही ना, असं मागे वळून बघत त्यांनी काहीतरी धुतलं.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावूनच त्यांनी ऐकून घेतलं. “चालतंय ना? मग उघडू नकोस,” ते म्हणाले. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, या वयात नोकरी गेली तर लोक काय म्हणतील, आणि तुझ्या चांगल्या नावाचं काय, हेही त्यांनी जोडलं. माणूस वाईट नव्हता, बायकोच्या काळजीनेच बोलत होता.

“इथे चालतंय,” मावशी म्हणाल्या. “तिथे बंद पडलंय.” पण त्या रात्री त्यांनी मूग गिळून बसायचंच ठरवलं.

मंगळवारी सकाळी शाई धावत खाली आली. चकत्या काळ्या होत्या, एक कण मीठ नाही! तिने मावशींना मिठीच मारली आणि एप्रनवर दोन काळे पंजे उमटवले. मी खोटी नव्हते, चकती चांगलीच आहे, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मग पुढचं सांगितलं. तिने नर्सबाईंना फोन करून चांगलं फैलावर घेतलं होतं. चकती इथे उत्तम चालते, म्हणजे तिथेच काहीतरी हयगय झाली असणार. पाण्यात काही मिसळलं असेल, काच नीट लावली नसेल. नर्सबाई बिचाऱ्या म्हणाल्या, की तुम्ही सांगितलं तस्संच केलं हो. शाईने ते ऐकून घेतलं नाही. समितीपुढेही ती हेच सांगणार होती.

मावशींनी हातातला ब्रश खाली ठेवला. आपल्या तोंडून एक शब्द निघाला नाही, आणि शिव्या खाल्ल्या कुणी? लांबवर कुठेतरी आजारी माणसांची उस्तवार करणाऱ्या, कधी न पाहिलेल्या एका बाईने. आता गप्प बसलो तर आपल्यासारखी नीच आपणच, असं त्यांना स्पष्ट वाटलं.

“तिचं काही चुकलं नाही,” मावशी म्हणाल्या. “चकत्या मी धुते.”

“कुठल्या?”

“छतावरच्या. रोज संध्याकाळी. तेव्हापण धुतल्या, पहिल्या दिवसापासून. आणि काल मुद्दाम धुतल्या.”

शाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर मावशींना सोसलं असतं, त्यांनी त्याची तयारीही केली होती. पण ती एक शब्द न बोलता वळली आणि निघून गेली. मावशींनी ढीगभर बाटल्या पुन्हा घासायला घेतल्या. त्यातल्या अर्ध्या आधीच धुतलेल्या होत्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात कोरडा नव्हता, म्हणून ते तसंच गळू दिलं. नोकरीची भीती कुठल्या कुठे गेली होती. पोरगी तुटली, एवढंच डोक्यात होतं.

तासाभराने शाई परत आली. हातात तीस दिवसांची वही होती, आणि ती दारातच उभी राहिली.

“सतराव्या दिवशी धुतल्या होत्या?” तिने कोरड्या आवाजात विचारलं.

मावशींनी बोटांवर मोजलं. सतरावा दिवस म्हणजे सून बाळंत झाली तो दिवस. त्या दुपारीच रजा टाकून गेल्या होत्या, नातू झाल्यावर सगळं विसरल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी आल्यावर चकत्यांवरचं दोन दिवसांचं मीठ काढायला ब्रश जरा जोरात चालवावा लागला होता. तसं त्यांनी सांगितलं.

शाई आत येऊन स्टुलावर बसली. तिने वही उघडून दाखवली. अठराव्या दिवशी पाणी एकदम निम्म्यावर आलेलं, आणि पुढे तिच्याच काळ्या बोटांचा डाग पडलेला शेरा, ‘ढगाळ हवा’.

“ढग नव्हते, मावशी,” ती हळूच म्हणाली. “लख्ख ऊन होतं, मला आठवतंय. आकडा बसत नव्हता, म्हणून मी ढग लिहिले. त्या सकाळी चकत्या पांढऱ्याच होत्या, तेही मी ढगांवरच ढकललं. तेव्हाच नीट शोध घेतला असता ना, तर सगळं कळलं असतं.”

आपण एकट्याच चोर नाही, याचं मावशींना बरं वाटलं नाही. उलट त्या पोरीची जास्तच दया आली. चहा करावा का, असं त्यांच्या मनात आलं, पण उठवेना.

मग शाई म्हणाली, की चुकलं ते चुकलं, पण याचा उपयोगही नाही. तिथे प्यायला गोडं पाणी नाही, चकत्या धुवायला कुठून आणणार? एक लिटर मिळवायला दोन लिटर ओतायचे, असला आतबट्ट्याचा धंदा कोण करेल?

“गोड्या पाण्याने कोण धुतंय?” मावशींनी तिच्याकडे वेड्यासारखं बघितलं. “छतावर तुझं खाऱ्या पाण्याचं पिंप आहे ना, त्यातलंच घेते की परातीत. मिठाचा डाग काढायला चांगलं पाणी वाया घालवू?”

शाईने तोंडावर हात ठेवला, आणि तोंड काळं झालं. खारं पाणी म्हणजे मिठाने तुडुंब भरलेलं पाणी नव्हे. त्यात अजून कितीतरी मीठ विरघळू शकतं. आणि खारं पाणी तर त्या वस्तीच्या दारात लाटा मारत होतं. ती उठली, तिने मावशींचा ओला हात धरला आणि त्यांना ओढतच छतावर नेलं. ब्रश कुठला, किती वेळा फिरवला, परातीत पाणी किती, चकती पिळली का नुसती झटकली, सगळं विचारून तिने लिहून घेतलं. मग चार पेट्यांवर खडूने खुणा केल्या. दोन रोज धुवायच्या, दोनांना हात लावायचा नाही.

“या दोनांना खरंच हात लावायचा नाही हं, मावशी.”

“जीव गेला तरी नाही,” मावशी म्हणाल्या. पुढचे तीन दिवस त्या दोन पांढऱ्या पडत चाललेल्या चकत्यांशेजारून जाताना त्यांच्या हाताला नुसती खाज सुटत होती, पण त्यांनी शब्द पाळला.

शुक्रवारी समितीचे तिघे छतावर आले. दोन चकत्या काळ्या, दोन पांढऱ्या, आणि मध्ये शाई उभी. तिने काही लपवलं नाही. मीठ आपोआप जातं हा माझा दावा चुकीचा होता, मावशी रोज चकत्या धुवायच्या, म्हणाली. अठराव्या दिवसाचा शेराही खोटा होता, तोही मीच लिहिला, म्हणाली. मोठ्या सरांचा चेहरा उतरला, आणि राग निघाला मावशींवर. नमुन्याला हात लावायचा नसतो हे एकतीस वर्षांत कळलं नाही का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. कळलं होतं, माझं चुकलं, असं मावशींनी सरळ कबूल केलं.

समितीतले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, की मग या वस्तूत राहिलं काय? हिला रोज कुणीतरी धुवायचं. इतक्या लांब, त्या वस्तीत, रोज हे कोण करणार?

खरं तर प्रश्न मावशींना नव्हता. पण त्यांना राहवलं नाही.

“त्या वस्तीत रोजची भांडी कोण घासतं, साहेब?” त्या म्हणाल्या. “लोक जेवतात तर घासतच असतील ना. त्यात हे एक भांडं जास्त. हात न लावता रोज चालेल अशी कुठली वस्तू तुमच्या घरात आहे, ते तरी सांगा.”

गृहस्थांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. समितीतल्या वयस्कर बाई मात्र हसल्या. त्यांनी तीस दिवस चाललेली जुनी चकती मागवली, पर्समधला पांढरा रुमाल काढला आणि तिच्यावर खसाखसा घासला. रुमाल पांढराच राहिला. असे झाडपाल्याचे लेप आठ-दहा धुण्यांत सुटून येतात, त्या म्हणाल्या, आणि हा एकोणतीस वेळा ब्रशने घासून सुटला नाही? त्यांनी मावशींकडे पाहिलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, की बाई, माझ्या ब्रशखाली टेबलावरचा रंगसुद्धा टिकलेला नाही, पण हा टिकला.

निकाल काही गोडगोड लागला नाही. जुना दावा लेखी मागे घ्यावा लागला. शाईला कामासाठी दोन वर्षांच्या ऐवजी चारच महिने मिळाले. पण ते मिळाले, आणि फुगवल्याचा शेरा बसला नाही. मावशींना नोकरीतलं पहिलं ताकीदपत्र मिळालं. त्यांनी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि नवऱ्याने भिंग काढून ठेवून ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

समिती गेली त्याच दुपारी शाईने नर्सबाईंना फोन लावला आणि आधी माफी मागितली. मग चकत्या धुवायची रीत सांगितली. नव्या चकत्या पाठवायची गरजच नव्हती. पोपडे धरलेल्या जुन्याच रात्रभर समुद्राच्या पाण्यात भिजवून घासायच्या होत्या.

त्यानंतर बारा दिवस काही कळलं नाही. शाईचा जीव टांगणीला लागला होता, आणि मावशी दर तासाला, ‘आला का फोन?’ म्हणून विचारत होत्या. तेराव्या दिवशी दुपारी शाई फोन कानाला लावूनच धुण्याच्या खोलीत आली आणि तो तिने मावशींच्या कानाशी धरला. पलीकडे नर्सबाई नव्हत्या. कुणीतरी बाई होती, दवाखान्यात भांडी घासणारी. त्या चाळीस चकत्या आता तीच धुत होती, आणि तिला नर्सबाईंशी नाही, धुणाऱ्या बाईंशीच बोलायचं होतं.

“ताई, कडेला जरा मीठ राहतं. तिथे ब्रश आडवा फिरवू की उभा?”

“गोल फिरव,” मावशी म्हणाल्या. “कडेपासून आत. आणि जोर लावू नकोस, ते आपणहून सुटतं.”

तिने बरं म्हटलं. फोन ठेवता ठेवता तिने अगदी सहज सांगितलं, की बाटल्या सगळ्या भरल्यात, दोन दिवस झाले दवाखान्याची होडी पाण्याला गेली नाही, आणि सकाळी माझ्या लेकीचं औषध मी याच पाण्यात कालवलं.

“बरी आहे का लेक?” एवढंच मावशींनी विचारलं.

“झोपलीय,” ती म्हणाली. “ताप उतरलाय.”